रोज एक टॅरो पत्ता काढते, पण मनाजोगता येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढायची सवय लागलीय

सातची_लोकल

नमस्कार. मी बदलापूरला राहते, नोकरी दादरला. गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. त्यानंतर दोनेक महिने सकाळी उठल्यावर काही सुचायचंच नाही. हातून पूजा व्हायची, निरांजन लागायचं, पण मन तिथे नसायचं. ऑफिसमधल्या मैत्रिणीने तिच्याकडचा टॅरोचा, म्हणजे लोक भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, कॅट दिला आणि म्हणाली, भविष्य-बिविष्य बघू नकोस, रोज एक पत्ता काढ आणि नुसता बघ.

तसं करायला लागले. चहा टाकायचा, उकळी येईपर्यंत एक पत्ता काढायचा आणि मग गाडीत त्याचा विचार करायचा. सव्वा तास असतो हाताशी. त्या दिवसांत त्या पत्त्यांनी मला सांभाळलं, हे मनापासून सांगते. बाबांविषयी घरात कुणाशी बोलता येत नव्हतं. निदान स्वतःशी बोलता यायला लागलं.

मार्चमध्ये आईची अँजिओग्राफी होती. त्याच दिवशी सकाळी मृत्यूचा पत्ता आला. काळं चिलखत घातलेला सांगाडा, पांढरा घोडा. हात थरथरला माझा. तो परत कॅटमध्ये घातला, पिसलं, दुसरा काढला. तलवारी आल्या. परत पिसलं. पाचव्या खेपेला सूर्य आला तेव्हा थांबले. आईची तपासणी नीट पार पडली, गोळ्यांवर भागलं. पण तेव्हापासून रोज चांगला पत्ता येईपर्यंत काढत राहते. कधी सात होतात, कधी दहा. एकदा त्यापायी गाडी चुकली. आणि तो शेवटचा ‘चांगला’ पत्ता बघून आता काहीच वाटत नाही, पहिल्यासारखं आत काही हलत नाही.

परवा वन्सं आल्या होत्या. देवघराशेजारी पत्ते बघून म्हणाल्या, बाबांच्या फोटोसमोर असलं काही ठेवू नकोस. वाईट वाटलं, पण त्या चुकीचं बोलल्या असंही वाटेना.

हे सोडून द्यावं का? की टॅरोऐवजी ऑरॅकलचे पत्ते घ्यावेत, ज्यात भीतीदायक चित्रं नसतात? तुमच्यापैकी कुणी रोजच्या मनन-चिंतनासाठी हे वापरत असेल तर कसं वापरता, ते सांगा. क्लासची जाहिरात करणाऱ्यांनी कृपया उत्तर देऊ नये.

गोदाकाठ

ताई, आधी तुमच्या वडिलांबद्दल मनापासून सहवेदना.

माझा पत्त्यांवर विश्वास नाही. आयुष्यभर विम्याच्या कार्यालयात आकडेमोड केली, म्हणून त्याच बाजूने सांगतो. टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पत्ते असतात. रोज नीट पिसून एक काढला, तर कुठलाही ठरावीक पत्ता वर्षातून सरासरी चार-पाच वेळा येणारच. वर्षभरात तो एकदाही येऊ नये, याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. म्हणजे तो घोडेस्वार तुमच्याकडे येणारच होता. एखाद्या दिवशी तो वीजबिल भरायच्या दिवशी आला असेल आणि तुम्ही विसरूनही गेला असाल. अँजिओग्राफीच्या दिवशी आला म्हणून लक्षात राहिला. उद्या घरात कुणाचं काही दुखलंखुपलं आणि तो पत्ता आला, तर हे गणित आठवा.

दुसरं अनुभवाचं. आमच्या नात्यातल्या एका बाईंना असाच पत्ता दाखवून एकाने ‘उतारा’ म्हणून पैसे काढले. एकदा नाही, तीनदा. त्या शिकलेल्या होत्या, फक्त घाबरलेल्या होत्या. तुम्ही घरी एकट्याने बघता, ते त्या मानाने कितीतरी बरं. फक्त पैसे घेऊन भीती घालवणाऱ्याच्या दारात जाऊ नका आणि आईच्या तब्येतीबद्दल जे काही विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

मीठभाकर

मी ऑरॅकल वापरते, टॅरो नाही. टॅरोचा साचा ठरलेला असतो, ऑरॅकलला तसा नसतो. कुणी ४४ पत्त्यांचा करतं, कुणी ५२ चा. काढणाऱ्याच्या मनात जे असेल ते. फुलं, पक्षी, चंद्राच्या कला आणि खाली एखादा शब्द किंवा ओळ.

दोन वर्षांपूर्वी माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तेव्हा चित्र बघून अर्थ लावायचं त्राण नव्हतं माझ्यात. ‘विसावा’ एवढा एक शब्द पत्त्यावर वाचला की त्या दिवशी मी दुपारी झोपायची परवानगी स्वतःला द्यायचे. सासूबाई स्वतः दार ओढून घ्यायच्या. तेवढंच हवं होतं. म्हणून नवीन माणसाला मी ऑरॅकलच सांगते. भीती वाटतेय तर भीती वाटणारी वस्तू घरात कशाला?

सुरंगी

सातची_लोकल, तुमचं लिहिणं रात्री वाचलं. सकाळी उठून सावकाश उत्तर लिहितेय, लांब होईल.

मी चित्रकलेची शिक्षिका. कोल्हापुरात ३१ वर्षं शाळेत शिकवलं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली. माहेर सावंतवाडीजवळच्या खेड्यात. निवृत्त झाले त्या वर्षी भाचीने टॅरोचा कॅट दिला, कारण तिला माहीत होतं की मावशीला पत्त्यांवरच्या चित्रांचं वेड आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात, ते लहानपणी पाहिलेलं. गोल पत्ते, लाखेची चकाकी, दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे देव, आणि तरी तो खेळायचा खेळ. देव पत्त्यावर आले म्हणून कुणी घाबरत नसे, की त्यांना कौल विचारत नसे.

टॅरोचंही मूळ तेच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या सरदारांच्या घरी खेळायचे पत्ते होते ते. त्यावरून भविष्य सांगायची टूम बरीच नंतरची. १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने लिहिलं की हे इजिप्तचं प्राचीन ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचतासुद्धा येत नव्हती! पुढे सगळे तेच धरून बसले. हे सांगते ते एवढ्यासाठी की त्या सांगाड्याच्या मागे हजारो वर्षांची कुठली शक्ती उभी नाही. मागे एक बाई आहे.

ती बाई म्हणजे पामेला कोलमन स्मिथ. तुम्ही वर्णन केलंत त्या घोड्यावरून तुमचा कॅट तिच्याच चित्रांचा दिसतो, १९०९ साली लंडनमध्ये छापलेल्या. वेट नावाच्या अभ्यासकाने कल्पना दिल्या आणि हिने काही महिन्यांत सगळे पत्ते काढले. एका मित्राला पत्रात तिने कळवलं होतं की फार मोठं काम फार थोड्या पैशांत केलंय. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या एका लहान गावात ती गेली तेव्हा अंगावर कर्ज होतं. आज जगभर घराघरात तिची चित्रं आहेत आणि कॅटला नाव मात्र प्रकाशकाचं आणि वेटचं. मला याचा अजून राग येतो.

आता तुमच्यासाठी पहिली गोष्ट. उद्या तो मृत्यूचा पत्ता मुद्दाम शोधून काढा, चांगल्या उजेडात धरा आणि त्यावर तिची सही शोधा. वळलेल्या वेलीसारखी तीन अक्षरं आहेत, खालच्या बाजूला. मुलांना मी हेच करायला लावायचे. एखादं चित्र अंगावर आलं की आधी बघायचं, ते कुणी काढलंय, ब्रश कुठे टेकवलाय, रेघ कुठे संपलीय. मग चित्र चित्राच्या जागी जातं. सही सापडली की त्यातलं लहान मूल बघा. मान वर करून घोड्याकडे बघतंय. राजा आडवा पडलाय, मुलगी तोंड फिरवून बसलीय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, आणि मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य. हे सगळं त्या सकाळी तुम्हाला दिसलं नसणार. सांगाडा दिसला आणि पत्ता आत गेला.

पामेला नाटकवाली होती, हे फार महत्त्वाचं आहे. लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर ती वावरली, नेपथ्य केलं, कपडे रेखाटले. तिच्या कितीतरी पत्त्यांत माणूस सपाट जमिनीवर उभा असतो, मागे एक आडवी रेघ आणि त्यापलीकडचं गाव पडद्यावर रंगवल्यासारखं. तलवारींची सत्ती काढून बघा. मला पहिल्यांदा ते दिसलं आणि मी एकदम आमच्या गावच्या जत्रेत जाऊन बसले.

आमच्याकडे जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की दशावतार उभा राहतो. मागे एक पडदा, समोर एक बाकडं. तेच बाकडं सिंहासन, तेच डोंगर, तेच पलंग. पेटी, मृदंग, झांज. लिहिलेली संहिता नसते. आज आख्यान कुठलं आणि कोण कुठलं पात्र करणार, एवढं ठरतं. तोंडचं बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. तोच राजा एका गावात एक बोलतो, दुसऱ्या गावात दुसरं. गेल्या वर्षी ज्याच्या घरी दुःख झालं, त्याचा विलाप यंदा वेगळाच निघतो आणि पहाटे तीनला सगळी बायकामाणसं पदर डोळ्यांना लावतात.

टॅरोचा पत्ता मी तसा धरते. पात्र आणि प्रसंग पत्त्याचा, बोलणं माझं. म्हणून मी पुस्तकातला अर्थ आधी बघतच नाही. दोनशे पानी वही आहे. सकाळी एक पत्ता. घड्याळ लावून दोन मिनिटं नुसता बघायचा. मग पालथा घालायचा आणि आठवून लिहायचं: काय काय होतं, कुठला रंग, नजर पहिल्यांदा कुठे गेली. परीक्षेला स्मरणचित्र असायचं ना, तसंच. नंतर पत्त्यातल्या एका माणसाच्या तोंडी दोन-तीन वाक्यं घालायची. ती वाक्यं वाचली की आज माझ्या मनात काय आहे ते कळतं. बास. उलटा आला तर सरळ करून बघते, उलट्या चित्राचा वेगळा अर्थ मी मानत नाही.

पुन्हा पुन्हा काढण्याबद्दल. आमच्या देवळात कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली की एक अर्थ, डावी पडली की दुसरा. लहानपणी आजीबरोबर गेले होते, मामाच्या लग्नाचं विचारायला. मनासारखा कौल पडला नाही. मी हट्ट धरला की अजून एकदा लावायला सांग. आजी माझा हात धरून पायऱ्या उतरायला लागली आणि म्हणाली, “देवाक एकदा इचारलंस ना? मगे आता घराक चल.” तो कौल तिला आवडला नव्हता, तरी ती चालायला लागली होती. त्या चालण्याचं मला अजून फार वाटतं. तुम्ही पाचव्यांदा पत्ता काढता तेव्हा बघणं थांबलेलं असतं, नुसतं शोधणं चालू असतं. म्हणून आत काही हलत नाही.

माझा नियम असा की पत्ता काढला की उरलेला कॅट लगेच डब्यात, झाकण लावून, वरच्या फळीवर. हाताशी ठेवायचा नाही. आणि ज्या दिवशी घरात दवाखाना आहे, निकाल आहे, कोर्टाची तारीख आहे, त्या दिवशी काढायचाच नाही. तो दिवस आधीच भरलेला असतो.

तुमच्या वन्सं म्हणाल्या ते मला पटतं. मी पत्ते देवघरात ठेवत नाही, रंगांच्या डब्यांशेजारी ठेवते. पूजा ही पूजा. वडिलांच्या फोटोसमोरून पत्ते हलवा, वन्संना फोन करून तसं सांगा, त्यांना बरं वाटेल.

मीठभाकर, तुमचं वाचून पोटात कालवलं. त्या काळात तुम्हाला शब्दच हवा होता, चित्र नव्हे, हे मी समजू शकते. तरी माझं मत सांगते, राग मानू नका. पत्त्यावर शब्द छापला की डोळा आधी तिथे जातो आणि चित्र बघायचं राहून जातं. थोडं बळ आल्यावर शब्दावर कागदाची पट्टी ठेवून बघा.

मीठभाकर

राग कसला, ताई. आज सकाळी पट्टी ठेवून बघितलं. बगळा होता. दोन वर्षं तो पत्ता माझ्याकडे आहे आणि तो एका पायावर उभा आहे हे मला माहीत नव्हतं.

सातची_लोकल

सुरंगीताई, तुमचं उत्तर मी गाडीत वाचलं आणि ठाणे कधी गेलं कळलं नाही. सही सापडली. पत्ते स्वयंपाकघरातल्या कपाटात हलवले. वन्संना फोन केला, त्या रडल्या.

एक विचारायचं होतं. पत्त्यातल्या माणसाच्या तोंडी वाक्यं घालताना मला भीती वाटते की मी बाबांच्या तोंडी काहीतरी घालीन. ते बरोबर आहे का? आणि अशी आपणच रचलेली वाक्यं खरी कशी मानायची?

सुरंगी

बाबांच्या तोंडी घालू नका. ते बोलून गेले तेवढं त्यांचं, ते तसंच राहू द्या. पत्त्यातल्या परक्या माणसालाच बोलू द्या.

खरी कशी मानायची, याला माझ्याकडे एक घडलेली गोष्ट आहे. कुणाला सांगितली नव्हती.

माझी थोरली बहीण आणि मी, माहेरच्या घराच्या वाटणीवरून चार वर्षं बोलत नव्हतो. म्हणजे मी बोलत नव्हते. ती दर रविवारी अकराच्या सुमारास फोन करायची. मी नाव बघायचे आणि वाजू द्यायचे.

एका शनिवारी नाण्यांची पंजी आली. बर्फ पडतोय, रंगीत काचेची खिडकी उजळलेली आहे आणि खालून दोन दरिद्री माणसं चाललीत. पुढे अनवाणी बाई, मागे कुबड्या घेतलेला माणूस. पुस्तकं सांगतात, गरिबी, आजारपण, मदत जवळ असून न दिसणं. मी वहीत लिहिलं: खिडकी आहे, दार काढलेलं नाही. नजर कुठे गेली, तर त्या माणसाच्या गळ्यात एक घंटा आहे, तिच्यावर. पूर्वी युरोपात महारोग्यांना अशी घंटा वाजवत जावं लागे, लोकांनी दूर व्हावं म्हणून. मी बाईच्या तोंडी वाक्य घातलं. न ठरवता हाताने लिहिलं गेलं: “मला मागे वळून बघायची गरज नाही. तो आहे हे मला पावलोपावली ऐकू येतंय.”

लिहून झालं आणि मी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अकरा वाजून गेले, सव्वाअकरा झाले. फोन वाजला तेव्हा माझे हात पिठाचे होते, तशीच उचलला. ताई म्हणाली, “अगो, तू खरंच उचललंस?”

घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही, वकील चालू आहेत. पण मागच्या मे महिन्यात आम्ही दोघी तिथे जाऊन आठ दिवस राहिलो.

हे पत्त्याने सांगितलं, असं मी म्हणत नाही. गोदाकाठ म्हणतात तसं, ७८ मधला एक आला. वाक्य माझंच होतं. मी ते चार वर्षं स्वतःला ऐकू दिलं नव्हतं.

गोदाकाठ

सुरंगीताई, याला माझा काहीही आक्षेप नाही. माझ्या धाकट्या भावाला आज संध्याकाळी फोन करतो.

सातची_लोकल

तीन आठवड्यांनी लिहितेय. वहीत १९ पानं झाली. आईला दोनदा तपासायला नेलं, त्या दिवशी काढला नाही. एक दिवस मोह आवरला नाही आणि दुसरा काढला. तेही वहीत लिहून ठेवलंय.

परवा काठ्यांची दश्शी आली. एक माणूस दहा काठ्यांचा भारा उचलून वाकून चाललाय, तोंड त्या भाऱ्यात पूर्ण बुडालेलं. समोर गाव आहे, पण त्याला दिसू शकत नाही. पालथा घालून आठवून लिहिताना लक्षात आलं, मी त्याच्या हातात भाऱ्याऐवजी कपड्यांचं गाठोडं लिहिलं होतं. दोनदा वाचलं. गाठोडंच लिहिलं होतं.

बाबांचं कपाट नऊ महिने कुणी उघडलेलं नाही. आई म्हणत होती, राहू दे, घाई काय. आणि मी तेच धरून बसले होते. त्या माणसाच्या तोंडी मी फक्त एवढंच लिहू शकले: “हे कुठे ठेवू, कुणीतरी सांगा.” गाडीत बसल्या बसल्या भावाला मेसेज केला. रविवारी तो येतोय. आईला विचारलं, तर म्हणाली, दोन सदरे मला ठेव, बाकीचं तुम्ही बघा.

बाबांची सुतारकामाची हत्यारंही आहेत. रंधा, पटाशी, गिरमिट, सगळं तेल लावून ठेवलेलं. बदलापूर-अंबरनाथच्या बाजूला कुणी काम शिकणारा मुलगा माहीत असेल, तर कळवा. विकायची नाहीत, द्यायची आहेत.